विवाहसोहळा : आनंद कोणाचा, भार कोणावर?

म्हैसूरला येणारा प्रवासी अंबाविलास राजवाडा पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. दरबाराच्या दालनांइतकीच गर्दी तेथील कल्याणमंडपापाशी होते. अष्टकोनी दालन, ओतीव लोखंडाचे उंच खांब, ग्लासगोहून आणवलेल्या रंगीत काचांचे छत, आणि छतावर तशीच खाली फरशीवर मोरांची नक्षी. राजघराण्यातील मंगलकार्ये येथे होत, एवढे सांगून वाटाड्या पुढच्या दालनाकडे वळतो. पण या मंडपाची कथा त्याच्या बांधणीच्या आधीपासून सुरू होते. १८९७ साली राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहोत्सवाच्या वेळी जुन्या लाकडी राजवाड्याला आग लागली आणि तो भस्मसात झाला. हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार नवा राजवाडा पूर्ण व्हायला १९१२ साल उजाडले. त्यासाठी त्या काळचे सुमारे साडेएक्केचाळीस लाख रुपये लागले.

राजघराण्याने ते नुकसान सोसले. सामान्य घरात लग्नाची आग डोळ्यांना दिसत नाही, कारण ती मांडव उतरल्यानंतर लागते. धाकट्या बहिणीचे कॉलेज एक वर्ष लांबते. गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला जातो. आईच्या पाटल्या पतपेढीत जातात त्या परत येत नाहीत. नवे जोडपे संसाराच्या पहिल्याच महिन्यापासून हप्त्याच्या तारखा मोजू लागते. ज्यांच्यासाठी हा सारा थाट केला ते पाहुणे तोवर जेवणाची चवही विसरलेले असतात. म्हणून लग्न ठरलेल्या तरुण-तरुणींनी, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही, हॉल पाहायला जाण्यापूर्वी एका प्रश्नाला सामोरे जावे असे मला वाटते. खर्च किती करावा, हा तो प्रश्न नव्हे. तो ज्याच्या त्याच्या ऐपतीचा भाग झाला. आपल्या आनंदाचा भार कोण वाहणार आहे, हा तो प्रश्न आहे.

याच म्हैसूरमध्ये एका कवीने या प्रश्नाचे रोखठोक उत्तर दिले होते. कन्नड महाकवी कुवेंपु, म्हणजे के. व्ही. पुट्टप्पा, १९५६ ते १९६० या काळात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर ही त्यांचीच कल्पना. ज्या राजकन्येच्या लग्नात राजवाडा जळाला, तिच्यासाठी बांधलेला जयलक्ष्मीविलास वाडा आज याच परिसरात आहे आणि त्यात लोककलेचे संग्रहालय आहे. योगायोग म्हणायचा. कुवेंपुंनी ‘मंत्रमांगल्य’ नावाची विवाहपद्धती मांडली. मुहूर्त नाही, कुंडली नाही, हुंडा नाही, जातीची अट नाही, पुरोहिताची मध्यस्थी नाही. मोजक्या लोकांसमक्ष वधूवरांनी अर्थ समजून वचने उच्चारावीत आणि कर्ज काढून थाट करू नये, एवढाच त्यांचा आग्रह. १९६६ साली पुत्र पूर्णचंद्र तेजस्वी यांचा राजेश्वरी यांच्याशी झालेला विवाह त्यांनी याच रीतीने लावला. पुढे तेजस्वीही कन्नडमधील मोठे लेखक झाले. कर्नाटकात आजही अनेक जोडपी या पद्धतीने विवाह करतात.

महाराष्ट्राला हा विचार अपरिचित नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाच्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. भटजीवाचून आणि अत्यल्प खर्चात पार पडलेल्या या लग्नात सावित्रीबाई फुले यांनी पुढाकार घेतला होता. जोतीरावांना आणि कुवेंपुंना एकच गोष्ट सलत होती. लग्न ही दोन माणसांनी एकमेकांना द्यायच्या वचनाची गोष्ट आहे, आणि ती सावकार, मध्यस्थ व चारचौघांच्या नजरा यांच्या ताब्यात गेली होती.

आपण ख्रिस्ती लोक या बाबतीत स्वतःला सुधारलेले समजतो. आपल्यात मुहूर्त नाही, कुंडली नाही. वचने वधूवर स्वतःच्या तोंडाने उच्चारतात आणि ती त्यांना समजतात. मंडळीच्या व कायद्याच्या दृष्टीने विवाहाला लागते तरी काय? वधू, वर, विवाह लावणारे पाळकसाहेब अथवा फादर आणि दोन साक्षीदार. म्हणजे पाच माणसे. मे २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे केंद्र सरकारने लग्नाला ५० पाहुण्यांची मर्यादा घातली, तेव्हा कित्येक मंदिरांत रिकाम्या बाकांसमोर विवाह लागले. त्या जोडप्यांचा विवाह इतरांच्या विवाहाहून कणभरही उणा झाला नाही. मात्र बंधने उठली आणि पाहुण्यांच्या याद्या पुन्हा पूर्वीसारख्या वाढल्या.

आपल्या विवाहविधीतील एका गोष्टीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. वेदीपुढे उभे राहून वधूवर जे वचन देतात त्यात आजारपणाचा उल्लेख असतो, आणि बहुतेक पंथांच्या विधीत दारिद्र्याचाही असतो. गरिबी आली तरी एकमेकांना सोडणार नाही असे ती दोघे परमेश्वरासमोर म्हणतात, आणि त्याच संध्याकाळी श्रीमंत दिसण्यासाठी काढलेल्या कर्जाचा मांडव त्यांची वाट पाहत असतो. या विसंगतीचे आपल्याला काहीच वाटू नये याचे मला आश्चर्य वाटते.

मग पाच माणसांत लग्न उरकावे आणि चहा पिऊन घरी जावे, हेच ख्रिस्ती उत्तर आहे काय? येथे मात्र शुभवर्तमान आपल्याला सहजासहजी सुटू देत नाही. योहानाने सांगितलेले प्रभूचे पहिले चिन्ह एका लग्नाच्या जेवणावळीत घडले. गालीलातील काना गावी द्राक्षारस संपला. एखाद्या कठोर उपदेशकाने यजमानाला सुनावले असते की ऐपतीपेक्षा जास्त माणसे बोलावलीस, आता भोग. प्रभूने तसे केले नाही. तेथे सहा दगडी रांजण होते आणि प्रत्येकात दोन-तीन मण पाणी मावत असे. आजच्या मापाने एकूण पाचशे लिटरांच्या आसपास, कदाचित त्याहूनही अधिक. गावातल्या एका लग्नाला एवढा द्राक्षारस म्हणजे चैनच म्हणायची. एका सामान्य कुटुंबाची चारचौघांत होणारी फजिती प्रभूने क्षुल्लक मानली नाही, ही गोष्ट साधेपणाच्या कैवाऱ्यांनी, त्यांत मीही आलो, ध्यानात ठेवायला हवी.

बेथानीतील मरियेची गोष्ट याहूनही अडचणीची आहे. तिने प्रभूच्या चरणांना जटामांसीचे मोलवान तेल लावले. किंमत तीनशे दीनार. त्या काळी दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हे विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असा प्रश्न यहूदा इस्कार्योताने केला, आणि प्रभूने बाजू मरियेची घेतली. तेव्हा प्रत्येक खर्चापुढे गरिबांचे नाव घेऊन भुवया उंचावणाऱ्याने आपण कोणाच्या शेजारी जाऊन बसलो आहोत हे एकदा पाहावे. प्रेमाला उधळायचा अधिकार आहे.

पण मरियेने जे ओतले ते तिचे स्वतःचे होते. मार्थेचे दागिने गहाण टाकून तिने ते तेल विकत घेतले नव्हते, की लाजराच्या नावावर सावकाराकडून रक्कम उचलली नव्हती. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. ज्याने स्वतः साठवले त्याने ते आपल्या लग्नात आनंदाने खर्चावे. त्याचा न्याय करणारे आपण कोण? परंतु दुसऱ्याच्या रांजणातले काढून आपला आनंद साजरा करायचा असेल, तर ते दुसऱ्याला खुल्या मनाने मान्य आहे का, हे विचारायला हवे. आणि बाप जेव्हा म्हणतो, ‘तू काळजी करू नकोस, मी आहे ना,’ तेव्हा ती मान्यता असतेच असे नाही. पुष्कळदा त्याच्या मागे समाजाची भीती असते. शहाण्या मुलीने वा मुलाने त्या वाक्यावर थांबू नये. ‘बाबा, हे पैसे कुठून येणार?’ असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारावे.

लूककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय लग्नघरात वाचला जावा असे मला फार दिवसांपासून वाटते. विवाहविधीत करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातील प्रीतीचा अध्याय आपण वाचतो, तो वाचावाच. पण लूकचा हा अध्याय त्याच्या महिनाभर आधी दोन्ही घरांनी एकत्र बसून वाचावा. एका परूश्याच्या घरी प्रभू जेवायला बसला असता जे बोलला ते जवळजवळ सगळे पंगतीविषयीच आहे. लग्नाच्या मेजवानीत मानाच्या जागेसाठी धडपडणारे पाहुणे त्यात आहेत. परतफेड करू शकणाऱ्या नातेवाइकांना व धनवान शेजाऱ्यांना न बोलावता दुबळ्यांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव, ही यजमानाला दिलेली सूचना त्यात आहे. निमंत्रण मिळूनही न आलेले लोक आणि त्यांच्या सबबी आहेत. त्यांतल्या एकाची सबब तर नुकतेच लग्न झाल्याचीच! आणि अखेरीस तो माणूस आहे, जो बुरूज बांधण्यापूर्वी खाली बसून खर्चाचा हिशेब करतो, कारण पाया घातल्यावर पैसे संपले तर बघणारे हसतील. प्रभूने तो दृष्टान्त शिष्यत्वाविषयी सांगितला हे खरे. पण हिशेब करून ठेवणे म्हणजे विश्वासाची उणीव, असे समजणाऱ्या भाविकांना तो लग्नाच्या बाबतीतही ऐकवायला हरकत नाही.

यांपैकी परतफेडीचा मुद्दा सर्वांत बिकट आहे, आणि त्यावर उपदेश करणे जितके सोपे तितके तो पाळणे अवघड. अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांतून आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांत आहेराची वही असते. कोणी किती दिले ते त्यात लिहिलेले असते आणि त्या घरी कार्य निघाले की तेवढे, किंवा थोडे चढते, परत करायचे असते. वसईच्या पट्ट्यात उंबराच्या पाण्यापासून, गोव्या-मंगळूरकडच्या कोंकणी कुटुंबांत रोसच्या विधीपासून जी माणसे राबत असतात, ती कोणाच्या तरी लग्नात आपण राबलो म्हणून आलेली असतात. याला केवळ दिखावा म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही. बँका नव्हत्या, विमा नव्हता, तेव्हा गरीब माणसाचे भांडवल हीच वही होती. ‘आयुष्यभर लोकांच्या मांडवात जेवलो, आता आमच्या दारी कार्य आहे तर त्यांना नको का बोलवायला?’ असे म्हणणारी आई खोट्या प्रतिष्ठेच्या मागे लागलेली नसते. ती ऋण फेडू पाहते.

तिच्या ऋणाचा मान राखून मार्ग काढता येतो. ऋण जेवणाचे आहे, थाटाचे नव्हे. विवाहविधीला सगळी मंडळी यावीत, विधी संपल्यावर मंदिराच्या आवारात सर्वांना केक, चहा आणि एखादा खारा पदार्थ द्यावा, आणि संध्याकाळचे जेवण घरच्या व जवळच्या माणसांपुरते ठेवावे, ही रीत आपल्या पुष्कळ मंडळ्यांत होती. ती मागे का पडली याचे कारण मला सापडत नाही. एका थाळीला शेकडो रुपये मोजून अनोळखी माणसांच्या रांगेत ताट घेऊन उभे राहण्यापेक्षा पाहुण्यालाही ती सुखाची होती. आणि परत आहेर न करू शकणारी दोन-चार घरे, म्हातारी विधवा, मंदिराची झाडलोट करणारा, मंडळीतला अपंग मुलगा, ही जेवणाच्या यादीत प्रथम लिहावीत. शेवटी जागा उरली तर म्हणून लिहिलेली नावे बहुधा गळतात.

साध्या लग्नालाही एक धोका असतो, तो येथेच सांगून टाकतो. ‘आम्ही किती साधेपणाने केले!’ याचीही जाहिरात होऊ शकते. ज्या घरात आजवर प्रत्येकाच्या लग्नाला गाव जेवले तेथे एखादा शिकलेला मुलगा आईवडिलांना न विचारता वीस माणसांत लग्न उरकून मोकळा होतो, तेव्हा त्याच्या तत्त्वाचा भारही दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यावर पडतो. पुढची कित्येक वर्षे नातेवाइकांना उत्तरे त्याची आई देत राहते.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. पहिले निमंत्रण हॉलच्या मालकाला नव्हे, पाळकसाहेबांना किंवा फादरांना द्यावे. हॉलला आगाऊ रक्कम भरून मग मंदिर मोकळे आहे का हे विचारायला जाणारी घरे दरवर्षी दिसतात. आगमनकाळ आणि उपवासकाळ यांत विवाह लावण्यासंबंधी प्रत्येक मंडळीचे संकेत वेगळे असतात. बाप्तिस्म्याचा दाखला, स्वतःच्या मंडळीचे पत्र, उपासनेत होणारी विवाहाची घोषणा, कॅथलिकांत विवाहपूर्व शिबिर, या गोष्टींना आठवडे लागतात. वधू महाराष्ट्रातली आणि लग्न म्हैसूरला असेल तर दोन धर्मप्रांतांत पत्रव्यवहार होतो, म्हणून चार-सहा महिने हाताशी ठेवावेत.

मग एका संध्याकाळी वधूवरांनी, फक्त दोघांनी, कागद घेऊन बसावे. आपल्याजवळ आज साठवलेले किती आहे ते आधी लिहावे आणि हवे-नकोचा विचार नंतर करावा. आईवडील देणार असतील तर ते कशातून देणार, हे त्यापुढे लिहावे. समजा, पाचशे माणसे जेवणार आणि ताटामागे ६०० रुपये पडणार. नुसत्या जेवणाचे तीन लाख झाले. हे तीन लाख कर्जाने उभे केले, व्याज दरसाल १४ टक्के धरले आणि मुदत तीन वर्षे, तर महिन्याचा हप्ता सव्वादहा हजार रुपयांच्या घरात जातो आणि फेड सुमारे ३ लाख ६९ हजार होते. पाचशेऐवजी दोनशे माणसे बोलावली तर तेच जेवण १ लाख २० हजारांत होते. मधल्या तीनशे माणसांपैकी कितीजणांची नावे वधूवरांना स्वतःहून सांगता येतील? या एका प्रश्नाने यादी जेवढी आटोक्यात येते तेवढी वादाने येत नाही. जेवणाचा भाव आचाऱ्याकडून लिहून घ्यावा आणि माणसे वाढली तर जादा ताटाला काय पडेल तेही त्याच कागदावर असावे.

म्हैसूरपुरते सांगायचे तर दसऱ्याचे दहा दिवस टाळावेत. त्या काळात शहरात राहायला खोली मिळणे कठीण आणि रस्ते मिरवणुकीने अडलेले. उलट आषाढात, तसेच डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतच्या धनुर्मासात, इथले हिंदू शेजारी सहसा लग्ने करीत नाहीत. मुहूर्त न मानणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या दिवसांत कल्याणमंडप सहज मिळू शकतो आणि भाड्याची घासाघीसही करता येते. नाताळ ते नवे वर्ष हा आठवडा मात्र प्रवाशांच्या गर्दीचा. येथील मंडप अनेकदा आदल्या दिवसासह भाड्याने देतात, कारण हिंदू लग्नांत स्वागत समारंभ पुष्कळदा मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी होतो. महाराष्ट्रातून प्रथमच येणारे पाहुणे याने गोंधळतात: लग्न लागले नाही आणि अभिनंदन कसले? आपल्याला दुसऱ्या दिवसाची गरज नसेल तर एकाच दिवसाचा भाव मागावा. पाहुणे रेल्वेने येणार असतील तर नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते हे ध्यानात घेऊन पत्रिका त्यापूर्वी हाती पडाव्यात.

म्हैसूरसारख्या शहरात आपली मराठी मुले नोकरीनिमित्त राहतात आणि इथल्या कन्नड, तमिळ, कोंकणी मंडळींत त्यांचे विवाह ठरतात. अशा लग्नात विधी बहुधा इंग्रजीत होतो, म्हणजे दोन्हीकडच्या आज्यांना परकाच. विधीची सर्वसाधारण भाषा कोणतीही असो, वचन तरी ज्याने त्याने आपल्या मातृभाषेत उच्चारावे. पाळकसाहेबांना वेळेवर विचारले तर ते सहसा नाही म्हणत नाहीत. वचनाचा अर्थ उच्चारणाऱ्याला कळायला हवा, हा कुवेंपुंचा आग्रह आपल्याही कामाचा आहे.

प्रत्यक्ष दिवसाविषयी माझी एकच मोठी तक्रार आहे, ती मधल्या वेळेची. विधी चारला, तो पाचला संपतो, आणि स्वागत समारंभ आठला. मधले तीन तास नवदाम्पत्य छायाचित्रकाराच्या ताब्यात असते. सेंट फिलोमिना कॅथीड्रलचे १७५ फूट उंचीचे जुळे मनोरे मागे घेऊन छायाचित्र काढण्याचा मोह कोणाला होणार नाही? १९३३ साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या हस्ते पायाभरणी झालेली, कोलोनच्या कॅथीड्रलच्या धर्तीवरची ती वास्तू आहेच तशी. परंतु तेवढ्या वेळात मधुमेह असलेले आजोबा, तान्ही मुले घेऊन आलेल्या बाया आणि रात्रीची गाडी गाठायची असलेले पाहुणे मांडवात ताटकळत असतात. छायाचित्रांना अर्धा तास पुरे. पाहुण्यांना बसल्या जागी काही खायला मिळावे, आणि ज्यांना लवकर परतायचे आहे त्यांचे जेवण केक कापण्याची वाट न पाहता सुरू करावे. टोस्टला द्राक्षारस ठेवावा की सरबत, यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. दोन्ही घरांपैकी जे अधिक कडक त्याचे ऐकावे.

कानाच्या गोष्टीत पाणी भरणारे नोकर मला फार महत्त्वाचे वाटतात. भोजनकारभाऱ्याला तो द्राक्षारस कोठून आला हे ठाऊक नव्हते, वराला नव्हते. ते ठाऊक होते पाणी काढणाऱ्या नोकरांना. पहिल्या चिन्हाचे साक्षीदार स्वयंपाकघराच्या बाजूला उभे होते. आपल्या मांडवात ती बाजू कशी असते ते एकदा जाऊन पाहावे. वाढपी मुले रात्री अकरापर्यंत उपाशी, भांडी घासणाऱ्या बायकांना उरलेसुरले, वाजंत्री आणि गाड्यांचे चालक कुठेतरी अंधारात. पाहुण्यांची संख्या आचाऱ्याला सांगताना या लोकांची ताटे त्यात धरावीत, ती आधी वाढली जावीत, आणि त्यांची मजुरी त्याच रात्री देऊन टाकावी. यादीतली वीस नावे कमी करूनही हे करता येते. म्हैसूरपाक थोडा अधिक मागवावा; जाताना त्यांच्या हाती मुलांसाठी पुडा द्यावा.

राहिल्या कायद्याच्या गोष्टी. त्या रुक्ष आहेत, पण त्यांच्यावाचून पुढे अडते. आपले विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमाखाली होतात. विवाह लावणाऱ्या व्यक्तीला त्या कायद्याने तसा अधिकार असला पाहिजे. नव्या, स्वतंत्र मंडळ्यांतील सर्वच पास्टरांजवळ सरकारचा परवाना असतो असे नाही, म्हणून संकोच न करता तो पाहायला मागावा. काही अपवाद सोडता विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच व्हावा असे कायदा सांगतो. तेव्हा दिव्यांच्या रोषणाईसाठी विधी रात्रीवर ढकलू नये. हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे. वधूवरांना स्वखुशीने मिळालेल्या भेटवस्तूंचीही यादी करावी, तीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहावे व सही करावी, असा १९८५ चा नियम आहे. आहेराची वही पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या घरांना ही यादी जड जाऊ नये. वधूला मिळालेले वधूच्या यादीत यावे, आणि ती यादी वधूजवळच राहावी.

मंदिराच्या नोंदवहीत सह्या करण्यापूर्वी नावांची अक्षरे बाप्तिस्म्याच्या दाखल्याशी आणि आधार कार्डाशी ताडून पाहावीत. हे काम आदल्या दिवशी शांतपणे करावे. मंडळी फुले घेऊन दारात उभी असताना ते नीट होत नाही. विवाहाच्या दाखल्याच्या दोन-तीन साक्षांकित प्रती त्याच आठवड्यात काढून घ्याव्यात. पासपोर्टला, बँकेत, परगावी घर भाड्याने घेताना त्या लागतात, आणि म्हैसूरहून एकदा परतल्यावर एका कागदासाठी पुन्हा तेवढा प्रवास करावा लागतो.